तलवारवाली बाई

“आधी तोंड पाहा तिचं, मंग इचारा,” असं म्हणत मावशी ते पत्त्याचं पान पदराने पुसायची आणि समोरच्या बाईच्या हातात द्यायची.

अमरावतीला देवीच्या देवळाबाहेर ती फुलं विकायला बसे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. वर्षानुवर्षं आपण त्यांच्याकडून पुडी घेतो, मावशी म्हणतो, आणि ओळख तिथेच संपते. तिचा नवरा चिखलदऱ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. तो वारला, तेव्हा तिथल्या मडमेने तिला हे पान दिलं. साहेबलोक भविष्य पाहायला मोठे रंगीत पत्ते वापरतात, त्यांतलं एक. सिंहासनावर राणी, उजव्या हातात उभी तलवार, डावा हात पुढे केलेला. अंगावर ढगांचं वस्त्र, मुकुटावर फुलपाखरं, वर एकटा पक्षी.

गावाने तलवार पाहिली आणि भवानी ठरवून टाकली. बायका पानाला हळदीकुंकू वाहून कौल मागत. मावशी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून काहीबाही सांगे. ही कोणती देवी, असं मी एकदा विचारलंच.

“लोकाइले देवी पायजे, मास्तर, अन् मले गिऱ्हाईक. तुमी कायले मधात येता?”

माझी धाकटी बहीण यमू लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन परत आली होती. तिला अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायची जागा मिळत होती. विधवा मुलीने परगावी एकटं राहायचं नाही, असं आई म्हणे. मग इथे मी काय करू तेवढं सांगा, असं यमू म्हणे. वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून दोघी माझ्याकडे पाहत, आणि मी वह्या तपासत बसे. शेवटी आईने कौल लावायचं ठरवलं. खरं सांगतो, कौल नकाराचा यावा, म्हणजे मला तोंड उघडावं लागणार नाही, एवढंच मला वाटत होतं.

शुक्रवारची गर्दी होती. आईने पानाला कुंकू लावलं, नमस्कार केला, विचारलं. कुंकवाला आपला स्पर्श नको म्हणून यमू मागे अंग चोरून उभी होती. मावशी तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिली.

“बाई, खरं सांगू? थे देवी नाई. माह्यासारखी रांडाव बाई हाये.”

आईचे जोडलेले हात तसेच राहिले.

मग मडमेने सांगितलेलं तिने सगळ्यांदेखत सांगितलं. या राणीचं माणूस गेलंय. तिचं रडून झालंय. आता तिला कुणाची भीड नाही. तलवार मारायला नाही, खरंखोटं वेगळं करायला आहे. ढग अंगावर आहेत, डोळ्यांत नाहीत.

“अन् हा हात पाहा. बोला म्हणते, मी आयकून राहिली. तुमी हिच्या पाया पडल्या. मंग घरच्या पोरीले काहून कोंडून ठेवता?”

 दोन दिवसांनी आईने यमूची वळकटी बांधायला घेतली.

मावशीकडे मात्र बायका येईनाशा झाल्या. विधवेच्या चित्राला कुंकू लावायला लावलं म्हणून कुणी शिव्या दिल्या. फुलं टोपलीतच सुकू लागली. मी गरजेपेक्षा जास्त पुड्या घेऊ लागलो, तेव्हा ती म्हणाली, “कीव नोका करू, मास्तर. त्यानंच जास्त थकायले होते.” पुढे ती वारलीही. तिची जागा अजून रिकामी दिसते, निदान मला.

पण हे सगळं नंतरचं. यमू निघाली त्या सकाळी मावशी टोपली घेऊन नेमकी समोरून आली. कुणी प्रवासाला निघालं की विधवेने आडोशाला व्हायचं, ही आमच्याकडची रीत.

“मावशे, बाजूले व्हय ना,” टांगेवाला म्हणाला. “पोरगी गावाले चालली.”

ती निमूट वळली. आयुष्यभराची सवय.

“थांबा,” आई दारातून म्हणाली. “तुम्ही समोरच राहा.” मग टांगेवाल्याला म्हणाली, “हाक.”

त्याने यमूशेजारी बसलेल्या माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली, तीही उशिरा.