मामांच्या चित्रातल्या बायका

माझ्या मामांइतका जीव लावून वाचणारा माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि वाचण्यापायी स्वतःचं इतकं वाटोळं करून घेणारा तर कुठंच झाला नसेल. मामा चित्रकार होते. त्यांच्या गावच्या, अनसिंगच्या, लोकांच्या मते ते शेतकरीच होते, फक्त जरा बिघडलेले. पोळा झाला की पुण्या-मुंबईच्या मासिकांकडून दिवाळी अंकाच्या कथा टपालानं यायला लागत, आणि मग दसऱ्यापर्यंत हा गृहस्थ कुणाच्या बापाचं ऐकत नसे. बाकीचे चित्रकार म्हणे संपादकानं कळवलेल्या दोन ओळींवर चित्र काढून मोकळे होतात. मामा अख्खी कथा वाचत, आणि तीही ज्वारीच्या मचाणावर बसून. मामीला सांगायचं, पाखरं राखतो. पाखरांना याहून सोयीचा राखणदार शोधून सापडला नसता! शेजारच्या वावरातला गडी गोफण फिरवून ओरडायला लागला की मामा वरूनच हात जोडत : नायिकेचा बाप शेवटच्या घटका मोजतोय, जरा दम धर बाबा. इकडे निम्मी कणसं रिकामी होत, आणि मामा डोळे पुसत घरी येऊन आज जेवण नको म्हणत.

मी त्या वेळी अनसिंगच्या शाळेत मास्तर होतो. पंचावन्न-छप्पन सालापासूनची गोष्ट. जेवायला मामांकडेच असायचो, त्यामुळे ही थेरं मला रोज बघायला मिळत.

मामांना चेहरा मनानं काढता येत नसे. कथा पुण्याच्या पेठेतली असो नाहीतर कोकणातली, माणसं मात्र अनसिंगची. एखादं नाक मनात भरलं की भर बाजारात त्या नाकाच्या मागं मागं फिरत. अंक गावात आला की मामांच्या ओट्यावर ही गर्दी जमायची, यंदा कोण कोण छापून आलं ते बघायला. आमचा न्हावी एका कथेत बॅरिस्टर झाला आणि तेव्हापासून हजामत करता करता कायदा सांगायला लागला. पाटलांचे धाकटे भाऊ दारुडा म्हणून छापले गेले. ते पीत होते हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण पिणं वेगळं आणि छापून येणं वेगळं. त्यांनी मामांशी बोलणंच टाकलं. माझ्यावर तर मामांचा विशेष लोभ. मला त्यांनी क्षयानं खंगत जाणारा प्रेमवीर केलं. नेमकं मंगरूळपीरच्या एका स्थळाच्या हाती तो अंक पडला, आणि मुलीच्या बापानं मध्यस्थाकडं माझ्या खोकल्याची चौकशी केली. तेव्हा मी मामांना वाट्टेल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, बाकी काही म्हण, गालफडं झकास आली आहेत.

गावातल्या झाडून साऱ्या बायका अंकात येऊन गेल्या. तेलीण झाली, मास्तरीण झाली, भाजीवालीची जहागीरदारीण झाली. राहिली एक मामी. तिला अक्षरओळख नव्हती. अंक म्हणजे तिच्या लेखी चित्रंच. ओट्यावरची माणसं पांगली की ती ओले हात पदराला पुसून अंक मांडीवर घ्यायची आणि एकेक पान उलटत जायची. शेवटचं पान झालं की अंक फडताळात ठेवून चुलीकडं वळायची. मला ते बघवेना, तेव्हा एकदा मी मामांना खडसावून विचारलंच, की सगळ्या गावाला मुंबई दाखवलीत, मामीनंच काय घोडं मारलंय?

मामांनी मांडीवरच्या कथेवर बोट ठेवलं. "हे बाई आखरीले विहिरीत उडी घेते. हिले तुह्या मामीचं तोंड कसं देऊ मी?"

खोटं नव्हतं ते. त्या काळच्या लेखकांना बाई सुखात बघवतच नसे. मामा दर साली एक तरी सुखाची बाई निघेल म्हणून सगळ्या कथा पालथ्या घालत. कथेत कुणी बाई हसायला लागली की मचाणावर सावरून बसत. दोन पानांनी तिला विषमज्वर झालेला असे.

मग एका भादव्यात मामीच आजारी पडली. त्या साली मामा मचाणावर गेलेच नाहीत. तिच्या खाटेशी बसून तिला कथा वाचून दाखवत. एका कथेत नवरा बायकोला टाकून परमुलखात निघून जातो आणि ती उंबऱ्यात बसून राहते. मामीनं ती शेवटपर्यंत ऐकली.

"हिलेच माहं तोंड द्या," ती म्हणाली. "गोष्टीतला नवरा गेला तं गेला. तुमी तं इथंच हाये न."

मी तिथंच बसलो होतो. मला वाटलं, आता तरी हा माणूस टाक उचलेल. पण मामांनी मान हलवली.

"असली अभद्र बाई तुले नाई शोभत. पुढच्या साली चांगली येईन."

मामी बरं म्हणाली आणि तिनं कूस बदलली. माघात ती गेली.

पुढच्या पोळ्यानंतर कथा आल्या तेव्हा मामांनी त्या नेहमीसारख्याच वाचल्या आणि चित्रं पाठवून दिली. अंक आला. ओट्यावर माणसं जमली, पण कोण कोण आलंय ते ओळखायचा खेळ काही झाला नाही. अंक या हातातून त्या हातात फिरला. पाटलांच्या धाकट्या भावांनी तो मामांपुढं ठेवला आणि किती तरी वर्षांनी ते त्यांच्याशी बोलले. चहा मांडायला सांगू का, एवढंच. अंकात विहिरीच्या काठावर उभी होती ती मामी होती. सासुरवाशीण मामी, तिला छळणारी सासूही मामी, तमासगिरीण मामी, वाट चुकलेली भिकारीण मामी. संपादकानं कळवलं की आपल्या सगळ्या बायका एकसारख्या दिसतात अशी वाचकांची तक्रार आहे. त्यानंतर कथा येणं बंद झालं. मामांनी पुढं ज्वारी मात्र चांगली राखली.

मला मामांचा अजून राग येतो, आणि आठवणही येते. त्या अंकात मामी पानापानावर आहे. तिला त्यातलं एकसुद्धा चित्र पुरलं असतं.