ग्रीक वैद्य आणि घरातली कावीळ

माझ्या बायकोची कावीळ कामावर कुणाच्या लक्षात आली नाही, कारण तिथे सगळेच पिवळे दिसत. अमेरिकेत चँडलर गावच्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात ती ज्या खोलीत काम करायची, तिथे पांढरा दिवा चालत नाही. चिपवर दिलेला लेप त्या उजेडाने खराब होतो. अंगभर पांढरा झगा, उघडे फक्त डोळे आणि वर तो पिवळा प्रकाश. एका शनिवारी दुकानाच्या पार्किंगमध्ये तिने गॉगल काढला, तेव्हा उन्हात मला तिच्या डोळ्यांतला पांढरा भाग हळदीच्या दुधासारखा दिसला.

मी इथल्या कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवतो. घाबरलो की पुस्तकं काढून बसतो. तिचं रक्त तपासायला दिलं आणि मी ग्रीक वैद्यांकडे वळलो. त्यांच्या मते शरीरात चार रस, त्यांतला एक पिवळं पित्त. त्याची आतड्याकडे जाणारी वाट बंद झाली की ते रक्तातून कातडीखाली पसरतं, आणि शौचाचा रंग पांढरट होतो. स्कॅन नाही, रिपोर्ट नाही, तरी इतकं त्यांना उमगलं होतं. मी तिला हे सांगितलं.

"म्हणजे माझं पित्त रस्ता चुकलंय," ती म्हणाली. "जीपीएस नाही रे बिचाऱ्याकडे."

एक गोष्ट मात्र मी स्वतःजवळच ठेवली. हे वैद्य उपचाराइतकाच मान दुखणं पुढे कुठे जाणार हे आधी ओळखण्याला देत. उजव्या बरगडीखाली हात ठेवून बघायचं; कावीळ असताना यकृत कठीण लागलं तर लक्षण वाईट.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी हलक्या आवाजात सांगितलं. पित्तनलिकेचा कॅन्सर होता, लिव्हरभर पसरलेला. ऑपरेशन करता येणार नव्हतं. घरी येताना गाडीत तिने विचारलं, "तुझे ग्रीक काय म्हणतात?"

"तेच."

तिने गॉगल चढवला. मग म्हणाली, "आईला कळता कामा नये. बायपास झालीय तिची. तिला काही झालं तर मला सहन नाही व्हायचं."

तिची आई साताऱ्याला एकटी राहते. त्यानंतर व्हिडिओ कॉल आला की बायको स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली जाऊन बसे, म्हणजे पिवळेपणाचा दोष दिव्यावर जाई. साधी कावीळ आहे, उतरतेय, असं सांगे.

"मुळा खा. उसाचा रस घे," सासूबाई म्हणायच्या.

"अगं आई, इथे कुठला ऊस?"

"मग काय उपयोग त्या अमेरिकेचा!"

दोघी हसत. फोन ठेवल्यावर ती तिथेच टेबलावर डोकं टेकून पडून राही. असे कितीतरी आठवडे गेले. तिला आई हवी होती. मी दोनदा म्हणालो, सांगून टाकू. दोन्ही वेळा तिने मानेनेच नाही म्हटलं.

एके दिवशी सासूबाईंनी बोलता बोलता मध्येच थांबून सांगितलं, "तो दिवा घालव आणि खिडकीत ये."

"आई, अगं..."

"ये म्हणते ना."

ती उठून खिडकीत गेली. सासूबाई बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तिकीट काढा. व्हिसा आहे माझ्याकडे."

त्या आल्या तोवर बायकोचं बोलणं तुटक झालं होतं. आईला तिने ओळखलं. आईचा पदर मुठीत धरून ती झोपायची. आठवडाभराने ती गेली.

नंतर काही दिवस सासूबाई माझ्याजवळ राहिल्या. एकदा दुपारी भाजी निवडताना मी विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी कळलं का, खिडकीत?"

"छे हो. पहिल्याच फोनला कळलं. खोटं बोलायच्या आधी ती हसायची, लहानपणापासून."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तिला वाटत होतं, मी साताऱ्यात निवांत आहे. तेवढ्यानेच तिला धीर होता. तो कशाला मोडायचा, म्हटलं. पण शेवटी तिचा आवाजच खोल गेला, मग राहवेना."

त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या. दोघी एकमेकींना जपत राहिल्या, आणि एकत्र घालवता आले असते ते आठवडे फोनवरच संपून गेले.