आई गेली तेव्हा मी रडले नाही

"तुम्हाला ऑटिझम आहे. जन्मापासून आहे," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटलं असावं. माझ्या मनात एवढंच आलं की घरी जाऊन हे आईला सांगायचं. मग आठवलं, आईला जाऊन काही महिने झाले होते.

तेव्हा माझं वय छत्तीस. मी गंगाखेडला राहते, घरीच ब्लाऊज शिवते. मॅडम परभणीतल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे औषधं न देता तपासण्या आणि बोलणं यांतून उपचार करणाऱ्या. ऑटिझम हा रोग नव्हे, मेंदूची घडण वेगळी असते, असं त्यांनी सांगितलं. माझ्यासारख्यांना आवाज, उजेड, स्पर्श सोसत नाहीत. दुसऱ्याच्या मनातलं चेहऱ्यावरून ओळखता येत नाही आणि आपल्या मनातलं आपल्या चेहऱ्यावर येत नाही. हे शेवटचं कुणीतरी आई गेली त्या दिवसांत आमच्या अंगणात येऊन सांगायला हवं होतं.

आमच्याकडे कुणी गेलं की बायका दारातूनच गळा काढत येतात आणि घरच्या लेकीसुनांच्या गळ्यात पडतात. नवीन बाई आली की पुन्हा पहिल्यापासून. त्यात खोटं काही नसतं, माणूस हलका होतो म्हणतात. होत असेल. मला मात्र कुणी अचानक धरलं की कातडी सोलल्यासारखं होतं. आईला हे माहीत होतं. गिऱ्हाइकांची मापं ती घ्यायची, शिवायची मी. एखादी बाई माझ्याशी गप्पा मारायला लागली की आई म्हणायची, "तिला शिवू द्या, माझ्याशी बोला." तिच्या आडोशाला मी सुखात होते.

ती गेली त्या दिवशी मी आतल्या खोलीत तिचाच अर्धा राहिलेला ब्लाऊज पूर्ण करत बसले. हात दुसरं काही करायला तयार नव्हते. बाहेर रडारड आणि आत मशीनचा आवाज. लोकांनी काय अर्थ काढला असेल ते आता कळतं. तेव्हा कळलं नाही.

मग येलदरीहून आत्या आली. ती आईची नणंद कमी आणि मैत्रीण जास्त. कुणीतरी तिला म्हणालं, "रडव गं हिला, न्हाईतर दुःख डोक्यात जातंय." रडलं नाही तर माणसाला वेड लागतं असं आमच्याकडे मानतात, म्हणून मुद्दाम रडवतात. आत्यानं मला घट्ट कवळलं, पाठीवर थापट्या मारल्या, "तुजी माय गेली गं, रड" असं कानाशी ओरडली. मायेनंच केलं तिनं. मी तिला ढकललं. ती उंबऱ्यावर पडली आणि तिचं मनगट मोडलं.

बायकांनी तिला उठवून बसवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, सगळ्यांदेखत म्हणाले, "माय मेली तरी हिच्या डोळ्यात टिपूस न्हाई. हिला मायाच न्हाई."

त्यानंतर माझं बोलणं बंद झालं. ठरवून नाही, शब्द यायचेच नाहीत. जेवण तुटलं. घरात उतारे झाले, मग धाकट्या भावानं परभणीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डिप्रेशन, म्हणजे नैराश्य, म्हणून गोळ्या दिल्या. झोप लागली, चार घास जाऊ लागले, भावाशी थोडं बोलणंही जमू लागलं. पण घरी कुणी आलं की पुन्हा तेच. बऱ्याच फेऱ्यांनंतर डॉक्टर भावाला म्हणाले, "ही लहानपणी कशी होती, ते आपण विचारलंच नाही." आणि त्यांनी मॅडमकडे पाठवलं. बोलणं असं बंद होण्याला शटडाऊन म्हणतात हे तिथं समजलं. सोसेनासं झालं की मेंदू दुकान बंद करून घेतो.

मॅडमनी आधी ट्यूबलाइट बंद केली. "माझ्याकडे बघितलं नाही तरी चालेल," म्हणाल्या. मी भिंतीकडे बघून बोलले. त्या देतात ती अफर्मिंग थेरपी. यात माणसाला चारचौघांसारखं करायचं नसतं, तो आहे तसा धरून त्याचं जगणं सोपं करायचं असतं. मी विचारलं, "मला रडायला शिकवाल का? मग अण्णा बोलतील माझ्याशी."

 मॅडम म्हणाल्या, "तुमचं दुःख खरं आहे. शिकवायचंच असेल तर अण्णांना शिकवू."

अण्णा माझ्या हातचं जेवत होते, पण बोलत नव्हते. भावानं फार विनवण्या केल्या तेव्हा आले. बाहेरच्या बाकावर माझ्यापासून दूर, टोकाला बसले. आत गेल्यावरही मॅडमनी त्यांना काही समजावलं नाही. फक्त विचारलं, "हिच्या आईनं हिला कसं वाढवलं?"

"हात लावू नगा म्हणायची," अण्णा सांगू लागले. "घटकाभर सोडा, आपणहून जवळ येऊन बसंल. लग्नात मागच्या दारानं न्यायची, मागच्याच दारानं आणायची. मला वाटायचं, लय लाडावून ठेवायली पोरीला." बोलता बोलता त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

सगळं नीट झालं असं लिहिणार नाही. आत्याची मी फोनवर माफी मागितली. "हात बरा झाला बाई, मन व्हईना," ती म्हणाली. वर्षश्राद्धाला ती आली नाही. ते मला लागलं आणि अजून लागतं. त्या दिवशी अण्णा दारातच बसले होते. येणाऱ्या बायांना सांगत होते, "तिच्या गळ्यात पडू नगा. लांबून बोला." काहींनी नाकं मुरडली.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, घुमं, माणूसघाणं म्हणून सोडून दिलेलं, तर वय झालं म्हणून थांबू नका, तपासून घ्या. आणि त्याच्या मनात काय आहे हे ठरवण्याआधी त्याला विचारा.

वर्षश्राद्धाचे पाहुणे गेल्यावर अण्णा ओसरीवर आले. हातभर अंतर ठेवून, रस्त्याकडे तोंड करून बसले.

"तुला मायची सय येती का?"

"येते."

"कशी येती?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सुईतून दोरा निघाला की ओवून घ्यायला मी अजून शेजारी हात पुढे करते. तिची चप्पल दुसऱ्या कुणी सरकवली तर मी पुन्हा जागेवर नेऊन ठेवते. कुकरच्या शिट्ट्या तीच मोजायची, म्हणून मी कुकर लावत नाही, भात पातेल्यात करते. दिवेलागणीपर्यंत मी बोलत होते. अण्णांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"एवढं हाय व्हय पोटात," ते म्हणाले.

"हो."

"मग मलाबी सांगत जा. तिचं बोलायला मला तरी दुसरं कोण हाय."