बाजूला व्हा ना, काका

"सर, याला मागं उभा करा. याच्या बापाला तेच येतं. आमच्या बागेत राखण करतो तो."

शाळेच्या मैदानावर सगळ्यांसमोर भैया हे बोलला. भैया म्हणजे बागवाल्या आबांचा मुलगा. माझ्याच वर्गातला. खेळाचे सर फुटबॉलचा संघ पाडत होते. मी पुढे उभा होतो, कारण सगळ्यांत जोरात मीच पळायचो. पोरं हसली. सरही हसले. हसत हसतच त्यांनी मला दंडाला धरलं आणि गोलापाशी नेऊन उभं केलं.

आम्ही भिल्ल. एरंडोलच्या अलीकडे आबांची लिंबाची बाग, बागेच्या कडेला आमची झोपडी. माझा आजा तिथंच मेला. मी तिथंच जन्मलो. बाप बाग राखायचा, आई लिंबं तोडायची. आबांच्या घरी गेलो की आम्ही ओट्याच्या खाली उभे. आतून हाक यायची, "ए भिलट्या." बाप "जी आबा" म्हणायचा. मला वाटायचं, हेच त्याचं नाव.

त्या दिवशी मी मागे उभा राहिलो आणि एकालाही पुढे जाऊ दिलं नाही. रागानं. भैया माझ्यावर आदळून पडला, त्याचा ओठ फुटला. संध्याकाळी आबांनी बापाला बोलावून घेतलं. बाप परत आला तेव्हा पाठीवर वळ होते. आई हळद लावत होती आणि तो जमिनीकडे बघत होता. मैदानावर मी कुणाला अडवलं की घरी कुणाला तरी मार बसतो, एवढं मला त्या संध्याकाळी कळलं.

पण अडवणं मला येऊ लागलं होतं. धुळ्याला स्पर्धा होती, तिथल्या एका म्हाताऱ्या प्रशिक्षकानं मला पाहिलं. आपल्या घरी ठेवून घेतलं. जेवू घातलं, बूट दिले. त्यांच्या घरात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसून जेवलो. तिथून पुढे गोवा. मग कोलकाता, मिझोराम, केरळ, पंजाब. जो क्लब बोलावील तिथं बचावाला. कोलकात्यात घोट्याएवढ्या चिखलात खेळलो. मिझोरामला मैदानात ढग उतरायचे, समोरचा माणूस अंगावर येईपर्यंत दिसायचा नाही. मी पावलांच्या आवाजावर ओळखायचो. केरळात लोक माझं नाव घेऊन ढोल वाजवायचे. माझं खरं नाव.

सगळीकडे असं नव्हतं. एका क्लबात गुडघा सुजला होता. सुई टोचताना डॉक्टर मालकाला म्हणाला, "यांना दुखत नाही. जंगलातली माणसं." मालक मान हलवत राहिला. मी टेबलावर पडलेलो, शुद्धीत, ऐकत. त्याच गुडघ्यावर पूर्ण सामना खेळलो. तो गुडघा पुन्हा सरळ झाला नाही.

शेवटी परत आलो. धुळ्यात खोली घेतली, पोरांना शिकवू लागलो. आई-बापाला म्हटलं, चला माझ्याकडे. बाप म्हणाला, "मना जीव बागमा शे." आला नाही.

आबा तोवर गेले होते. बाग, ट्रस्ट, गाड्या, सगळं भैयाकडे. त्याचा मुलगाही फुटबॉल खेळायचा, पुढे, गोल मारायला. भैयानं जळगावला प्रदर्शनी सामना ठेवला. फलकावर माझा फोटो. मला वाटलं, दिवस बदलले.

आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"पोराचा खेळ बघायला पुण्याच्या क्लबची माणसं येतायत. समोर तू आहेस. दोन गोल होऊ दे."

"खेळून करू दे की, भैया."

"तुला विचारत नाहीये मी. तुझे आई-बाप कुठं झोपतात, एवढं लक्षात ठेव."

फोन बंद झाला. मी लगेच बापाला फोन लावला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुले काय जास? दोन गोल व्हऊ दे."

सकाळी मैदानावर गेलो तर गोलाच्या मागे बाप. त्याला गाडीत घालून आणलं होतं. मंडपात खुर्च्या रिकाम्या होत्या आणि बाप गवतावर उकिडवा बसलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना भैयाची दोन माणसं उभी. मी हात केला. बापानं मान खाली घातली. एका माणसानं माझ्याकडे बघून त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी हळू, जुनी ओळख असल्यासारखा.

माझं ठरलेलं होतं. सोडायचं. खरंच ठरलेलं होतं.

सामना सुरू झाला. भैयाचा पोरगा चेंडू घेऊन माझ्याकडे आला. मी इतकी वर्षं माणसं अंगावर येताना बघितली आहेत. कुणी डावीकडे झुकतो, कुणी डोळ्यांनी फसवतो, कुणी घाबरून चेंडू दूर ढकलतो. या पोरानं यातलं काहीच केलं नाही. पळालासुद्धा नाही. घरच्या फाटकातून आत शिरावं तसा सरळ चालत आला. जवळ आल्यावर म्हणाला,

"काका, बाजूला व्हा ना."

शिव्या मी खूप खाल्ल्या. त्या शिव्यांत निदान मी समोर उभा असायचो. या पोराच्या लेखी तिथं कुणी नव्हतंच.

माझा पाय आपोआप पुढे गेला. चेंडू माझ्याकडे, पोरगा जमिनीवर. धक्का नाही, ओढाओढ नाही. पंचाची शिट्टी वाजली नाही.

तो पुन्हा आला, आता पळत. पुन्हा घेतला. मग त्यानं माझ्या अधू गुडघ्यावर लाथ घातली. पंच दुसरीकडे बघत होता. मी उठलो आणि जागा सोडली नाही. त्या पोराला एक गोल करता आला नाही. मागे वळून बापाकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.

सामना संपल्यावर भैया मैदानात आला. शेकडो माणसांसमोर माझी जर्सी धरली.

"भिलट्या, आमच्या उष्ट्यावर वाढलास आणि आमच्याच पोराला आडवा येतोस?"

मी त्याचा हात जर्सीवरून काढला. "हो. येतो."

दोनच शब्द. तोंडातून असे निघाले की बाप गवतावरून उठून उभा राहिला.

आम्ही बागेत पोहोचलो तेव्हा झोपडीवर पत्रे नव्हते. भिंती पाडलेल्या. भांडी, गोधड्या, देवांच्या तसबिरी रस्त्याच्या कडेला. आई भांड्यांपाशी बसली होती. रडत नव्हती. म्हणाली, "आते कोठे जासूत?" बाप माझ्याकडे बघून म्हणाला, "तुनामुये बठ्ठं गये." तुझ्यामुळे सगळं गेलं.

त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. माझ्याच खोलीत राहतो, भिंतीकडे तोंड करून जेवतो. मला त्याचा राग येत नाही. पाठीवरचे वळ त्याचे होते, माझे नव्हते.

मी तक्रार दिली. जातीवरून शिवी, पाडलेलं घर, सगळं. आधी घेईनात. मी ठाण्याच्या बाकावरून उठलो नाही, तेव्हा घेतली. मग माणसं यायला लागली. नातेवाईक, पुढारी, ओळखीचे सर. "मिटवून टाक. नवं घर बांधून देतो म्हणतायत." परवा शिकवणीतली पोरं कमी झाली. काल म्हाताऱ्या प्रशिक्षकांच्या दारावर कुणीतरी काळं फासलं. समोरच्या झाडाखाली एक पांढरी गाडी येऊन उभी राहते. काचा वर. कुणी उतरत नाही. आई खिडकी लावून घेते. मी उघडतो.

मिटवणार नाही. तारीख लागली की जळगावच्या कोर्टात भैयासमोर उभा राहीन, आणि तो जे बोलला ते शब्द, एकही न गाळता, मोठ्यानं सांगीन. गाडीला मागे यायचं असेल तर येऊ दे. मी बसनं जाणार आहे, दिवसाढवळ्या, आणि बापानं नाही म्हटलं तरी त्याला सोबत नेणार आहे. कोर्टात खुर्ची रिकामी असली तर तो तिच्यावर बसेल. नसली तर मी मागून घेईन.