खाडीला रविवार न्हाय

पदूबाय पाण्याकडे बघायच्याच नाहीत. घोडबंदरच्या धक्क्यावर आम्ही हौशी मंडळी खाडीकडे डोळे लावून उभी असायचो आणि त्या आमच्याकडे पाठ करून काठावरच्या तिवरांचे बुंधे न्याहाळत असायच्या. ओल कुठवर चढलीय, वरून वाळायला लागलीय का, एवढंच बघायचं. मग चपला काढून घोटाभर पाण्यात उभं राहायचं, तोंडातली मिश्री सावकाश थुंकायची आणि निकाल द्यायचा. 'हाय', नाहीतर 'न्हाय'. त्यावर अपील नसे.

होडी त्यांच्या मुलाची, प्रकाशची. वल्हीही तोच मारायचा. पण होडी सुटणार की नाही हे ठरवायची आई. साठीच्या घरातली, काटक, नऊवारी गुडघ्यावर खोचलेली बाई. चिखलात उतरून कालवं काढण्यात जन्म गेलेला, त्यामुळे खाडीचा तळ पायांना पाठ. नव्वद सालच्या आगेमागे मीरा रोडला इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि गिरगाव सोडून तिथे आलेल्या आमच्यासारख्यांना रविवारी जायचं कुठे हा मोठा प्रश्न होता. प्रकाशच्या होडीचा शोध लागल्यापासून तो सुटला. म्हणजे पदूबाय सोडवतील तेव्हा सुटायचा.

माझ्या कचेरीतला सलीम नया नगरला राहायचा. एका रविवारी तो बायको, मेहुणा आणि बिर्याणीचं पातेलं घेऊन धक्क्यावर हजर झाला. पाणी काठोकाठ. पदूबाय म्हणाल्या, "न्हाय."

"क्यों नहीं? पानी तो फुल है," सलीम म्हणाला.

"अबी फुल हाय. तू लौटेगा तबी चिखल हाय."

सलीमने शेजारची दुसरी होडी ठरवली. परतताना धक्का दोनशे पावलांवर दिसत असताना ती चिखलात बसली ती बसलीच. चार तास मंडळी होडीत. बिर्याणी संपली, गप्पा संपल्या, शेवटी मेहुण्याशी बोलणंही संपलं. पाणी परत आलं आणि सगळे उतरले तेव्हा पदूबाय कोऱ्या चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. "भूक लागली असंल म्हनून न्हाय आनला," त्या मला हळूच म्हणाल्या, "लाज लागली असंल म्हनून." सलीम त्यानंतर त्यांचं बोट धरल्यासारखा वागायचा.

मी मात्र सलीमच्या फजितीवर हसूनही शहाणा झालो नाही. माझे वडील, नाना, राजापूरच्या खाडीकाठी वाढलेले. आई गेल्यावर गिरगावातली खोली सोडून ते आमच्याकडे आले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून गप्प झाले. पुढे हृदय थकलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, त्यांना काय हवं नको ते आता बघा. मी नानांना विचारलं. ते म्हणाले, "एकदा होडीत बसव." त्या माणसाने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

दिवाळी होऊन गेली होती, हवा छान पडली होती. पहिल्या रविवारी रिक्षा करून नानांना धक्क्यावर नेलं. पौर्णिमेच्या आसपासचे दिवस, खाडी तुडुंब. पदूबाय पाण्यातून बाहेर आल्या. "न्हाय. उधान हाय. पानी पलतंय. म्हाताऱ्याला चढवताना होडी हातातून सुटंल." दुसऱ्या रविवारी दहा वाजता पोहोचलो तर समोर नुसता चिखल. तिसऱ्या रविवारी मी तयारीनिशी गेलो. नानांनीच लहानपणी शिकवलेला हिशोब होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अमावास्येचे पंधरा, म्हणजे सव्वाअकरा. कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून, नानांना कानटोपी घालून, बरोबर अकराला हजर. पाणी अजून जोरात आत येत होतं.

"कॅलिंडरमधली भरती दर्याची," पदूबाय म्हणाल्या. "खाडीत ती चालत येते. हितवर यायला तिला तास लागतो. आनि तासाभरानं वारा सुटंल. न्हाय."

माझा तोल गेला. "सगळ्या रविवारी नाहीच म्हणायचं असेल तर होडी ठेवता कशाला?" मी म्हणालो. पायरीवर धापा टाकत बसलेल्या बापाकडे बघवत नव्हतं म्हणून तो राग होता. पदूबाय रागावल्या नाहीत. "दादा, खाडीला रविवार न्हाय," एवढंच म्हणाल्या. नाना रिक्षात बसताना पुटपुटले, "बाई जाणती आहे." मला ते आवडलं नाही. चौथ्या रविवारी मी गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बायको बाजारातून मासळीबरोबर निरोप घेऊन आली. पदूबायंची सून मीरा रोडला मासळी विकायला बसायची. निरोप असा: उद्या मंगळवार, साडेसातला म्हाताऱ्याला घेऊन ये. मंगळवारी कचेरीत तपासणी होती. मोठे साहेब यायचे होते आणि फायली माझ्याकडे होत्या. रात्रभर मनात घोळत राहिलं. सकाळी खालच्या दुकानातून कचेरीत फोन केला, पोट बिघडलंय म्हणून सांगितलं. खोटं नीट बोलता आलं नाही, पण रजा झाली.

धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं. भांगाची, म्हणजे अष्टमी-नवमीची कमी चढउताराची भरती होती, पाणी शेवटच्या पायरीपर्यंत येऊन स्वस्थ झालेलं. पदूबाय तिवरं बघून आल्या. एका बाजूने प्रकाशने, एका बाजूने मी नानांना धरलं आणि होडी इंचभरही न हलता त्यांना आत घेतलं. त्या मागोमाग येऊन बसल्या. वल्हं पडत होतं त्याचा तेवढा आवाज. नानांनी बाही वर करून हात पाण्यात सोडला आणि थोड्या वेळाने म्हणाले, "पाणी उभं राहिलं." पदूबायंनी मान हलवली. "राह्यला, बाबा. तुज्यासाठीच." मग दोघं आपापल्या खाडीतल्या बोय माशांबद्दल आणि खेकड्यांबद्दल बोलत सुटली. तीन वर्षांत नाना घरात जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या तासाभरात बोलले. मला इतका आनंद झाला होता की साहेब, फायली, काही आठवलं नाही.

नाना पुढच्या फेब्रुवारीत गेले. झोपेत, सुखाने. अस्थी घेऊन मी घोडबंदरला गेलो तेव्हा खाडी भरलेली, संथ होती. हवी तशी वेळ साधली असं मला वाटलं. पदूबायंनी नेहमीप्रमाणे तिवरं बघितली आणि मला पायरीवर बसायला सांगितलं. मी बसलो. या वेळी कारण विचारलं नाही. बऱ्याच वेळाने बुंध्यांवरची ओल वरून वाळायला लागली, तिवराची पडकी पानं समुद्राच्या दिशेने सरकू लागली, तेव्हा त्या उठल्या.

"जित्या मानसाला भरतीवर न्यायचा, म्हंजे तो परत येतो," त्या म्हणाल्या. "ह्याला ओहोटीवर सोड. दर्याला लागंल. पुढची वाट त्याला ठावी हाय."

प्रकाशने होडी सोडली. त्या दिवशी रविवार होता, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.