देवाला फुलं कुणाच्या अंगणातली

दौंडात आमचं आणि धाकट्या दिराचं घर शेजारी-शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. सासूबाई राहतात माझ्याकडं, जेवतात माझ्या हातचं, पण सकाळी अंघोळ झाली की परडी घेऊन जायच्या धाकट्या जावेच्या अंगणात. माझ्या देवघरात फुलं तिच्या घरची! नुसता जळफळाट व्हायचा माझा.

मग मीही इरेला पेटले. सोलापूर रोडच्या नर्सरीतून फुललेल्या कुंड्याच उचलून आणल्या. पिटुनिया, अडेनियम, दोन रंगांची बोगनवेल. येणारे-जाणारे गेटपाशी थांबून फोटो काढायचे. सासूबाई म्हणाल्या, असलं बिनवासाचं मी देवाला वाहत न्हाई, आन् गेल्या भिंतीपलीकडं.

बरं, मोगरा लावला. जावेच्या आधी माझा फुलायला हवा म्हणून साखर कारखान्याची मळी, उसाला खत म्हणून टाकतात ती, ताजीच पाटीभर बुडाशी ओतली. ताजी मळी आतून तापते हे मला काय ठाऊक नव्हतं? पण दम कुणाला होता! आठवड्यात मोगऱ्याची काटकी झाली. जाऊ भिंतीवरून म्हणाली, मी तर वर्षभर कुजवल्याशिवाय घालतच नाही हो ताई. इतक्या गोड आवाजात, की माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढं जास्वंद लावली, शेणखतावर वाढवली. यंदा श्रावणात ती लालभडक फुलली आणि नेमका तेव्हाच जावेच्या झाडांवर पांढरा मावा पडला. तिला सगळी छाटावी लागली. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई पायरी उतरल्या आणि माझ्या जास्वंदीपाशी थांबल्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. दूध उतू गेलं तरी हलले नाही. त्यांनी एकूण एक फूल खुडलं, परडी भरली आणि निघाल्या गेटकडं.

मी ओल्या हातानंच बाहेर धावले. "आत्याबाई, देवघर इकडं हाय."

"धाकटीच्या अंगणात आज एक फूल न्हाई गं," त्या म्हणाल्या. "कसंनुसं झालं असंल तिला. आपल्या देवाला तुळस वाहू."

आणि गेल्या. माझ्या अंगणात फूल नव्हतं तेव्हा मला कसं होत असेल, हे इतक्या वर्षांत एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं.