ठेवणीतलं पांढरं कापड

आईची पत्र्याची ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर खाणीजवळच्या पाळी गावातल्या आमच्या घरातली ती दुपार जागी झाली.

मे महिन्याची सुट्टी होती. बाहेर खनिजाचे ट्रक एकामागून एक धडधडत होते. खिडकीला ओलं फडकं लावलं तरी शिलाई मशीनवर तांबडी धूळ बसतच होती. आई माझ्या मावसबहिणींचे झगे शिवत होती, सगळे चिंचेच्या रंगाचे, कारण आमच्याकडे तोच रंग टिकायचा. मामाने वास्कोहून आणलेलं पांढरं कापड मी हट्टाने तिच्या मांडीवर ठेवलं.

"पांढरा नको गो बाय, दोन दिसांत तांबडा होतला. ट्रक थांबले की शिवतंय तुका."

बाबा शेजारी पेज जेवत होते. त्यांतलाच एक ट्रक ते चालवायचे. "ट्रक थांबले तर खातलंव काय?" त्यांनी विचारलं. दोघंही हसली आणि आईने पुन्हा पायडल मारलं. मला मात्र त्या ट्रकांचा असा राग आला! ते कधी थांबतात याची मी वाट बघू लागले.

पुढे खाण बंद पडली आणि ट्रक खरोखरच थांबले. बाबा दिवसभर सोप्यावर बसून राहायचे. आई लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. तेव्हा माझ्या झग्याचं नाव कोण काढणार?

आता दोघंही नाहीत. रस्ता शांत आहे, दारातल्या आंब्याची पानं हिरवीगार दिसतात. मी ट्रंकेतलं ते पांढरं कापड खिडकीतल्या उजेडात धरलं. धुळीचा एक कणही त्याला लागलेला नाही. घड्यांवर मात्र ते पिवळं पडलंय.